हरेशची पाठ

उमेळ्याचा हरेश घरत वसईच्या कॉलेजात एक दिवसही शिकलेला नाही. बारावीला गाडी अडली ती अडलीच. बापाने वाडीत घातलं, आणि केळी नि सोनचाफा यांतच त्याचे केस पिकले. पण त्याच्यासमोर कॉलेजच्या फुटबॉल टीमबद्दल वाकडा शब्द काढून बघा. माणूस तुमच्याशी महिनाभर बोलायचा नाही.

टीम जुनी आहे. सुरुवातीला म्हणे गोलला बांबू रोवलेले होते, जाळी कोळीवाड्यातून मागून आणलेली, आणि निम्मी पोरं अनवाणी खेळायची. पण खेळायची अशी, की मुंबईची बूटमोजेवाली कॉलेजं यायची आणि तोंड पाडून परत जायची. चर्चच्या अंगणात खेळून तयार झालेली किरिस्तांव पोरं, त्यांच्या जोडीला वाड्यांमधली आणि खाडीकाठची. मैदानाच्या एका बाजूला दगडी पायऱ्या आहेत. छप्पर नाही, खुर्ची नाही, तरी सगळे त्याला स्टेडियम म्हणतात, आणि तुम्हीही म्हणा, उगाच वाद नको. आगाशीवाले एका टोकाला, वसई गावातले मधे, उमेळेवाले सगळ्यात वरच्या पायरीवर. ही वाटणी कुणी केली देव जाणे, पण ती मोडायची कुणाची टाप नाही.

हरेशलाही खेळायचं होतं. पण बारावीच पास होईना, तर टीममध्ये घेणार कोण? मग तो बघायला जायला लागला. आता बघणाऱ्याच्या हातात काय असतं सांगा. घसा फोडायचा, रेफ्रीचा उद्धार करायचा, आणि हरलो की मान खाली घालून घर गाठायचं. बॉल काही आपल्या ओरडण्याने वळत नाही. हे हरेशला जितकं टोचायचं, तितकं त्या पायऱ्यांवर दुसऱ्या कुणाला टोचलं नसेल.

आणि मग ती पाठ सापडली. एका फायनलला सामना पेनल्टीवर गेला. ऐन वेळी हरेशची चप्पल गर्दीत मागे सरकली. ती शोधायला तो वळला, आणि इकडे गोल. पुढची पेनल्टी त्याने डोळे फाडून बघितली, तर ती पोस्टला लागली. शेजारी सॅन्टन होता, त्याचा जिवलग दोस्त, वसईत बेकरी चालवणारा. सॅन्टन म्हणाला, "तू वळ रे तिकडे." हरेश वळला. गोल. तसाच उभा राहिला. परत गोल. कप आला, आणि मिरवणुकीत लोकांनी हरेशची पाठ थोपटून थोपटून लाल केली.

त्या दिवसापासून तो नियमच झाला. आपल्या टीमची पेनल्टी असली की हरेशने मैदानाकडे पाठ करायची, आणि सॅन्टनने शेजारी उभं राहून काय झालं ते सांगायचं. वळलं की समोर कंपाउंडची भिंत. भिंतीपलीकडे आधी केळी होत्या, मग प्लॉट पडले, मग इमारती उठल्या. टीमने इतक्या वर्षांत पेनल्टीवर मारलेले गोल हरेशने पाहिलेले नाहीत, पण कुठल्या मजल्यावर ग्रिल कधी बसलं ते विचारा. मधे एकदा त्याला राहवलं नाही. तिरक्या नजरेने बघितलं, आणि बॉल आडव्या दांड्यावर आपटून बाहेर. फायनल गेली. आगाशीच्या बसमध्ये अजून एखादा म्हातारा त्याच्याकडे बोट दाखवून शेजाऱ्याला सांगतो, हाच तो.

हसाल तुम्ही. हसा. घरी ओट्यावर बसलेला असला की हरेशही हसायचा. पण पायरीवर उभं राहिलं की ते हसू कुठच्या कुठे पळतं.

त्याची मुलगी उन्नती त्याच कॉलेजात गेली आणि पोरींच्या टीममध्ये उभी राहिली, तेव्हा हरेशचे पाय जमिनीवर नव्हते. पोरींची टीम नवी. सुरुवातीला पायऱ्यांवर काळं कुत्रं यायचं नाही. हरेश, सॅन्टन, आणि खेळणाऱ्यांच्या आया. मग पोरी जिंकायला लागल्या, तशी गावोगावची माणसं आपापल्या पायरीवर येऊन बसायला लागली. पेनल्टी मिळाली की उन्नतीच मारायची. म्हणजे झालं काय, बाप एक मॅच चुकवत नाही, पण लेकीची कसोटीची घडी आली की हा इमारतीकडे तोंड करून उभा.

सेमीफायनल जिंकून घरी आल्यावर तिने विषय काढला. तिची आई विनया चाफ्याच्या पुड्या बांधत होती.

"पप्पा, आज माझा गोल कसा होता?"

"मस्त. सॅन्टन सांगत होता, कीपर हललीपन नाय."

"सॅन्टनकाका सांगत होते. तुम्ही कुठे होता?"

हरेशने विनयासमोरची एक पुडी ओढून बांधायला घेतली.

"फायनल माझी शेवटची मॅच आहे," उन्नती म्हणाली. "पुढच्या महिन्यापासून एअरपोर्टची नोकरी, शिफ्ट ड्युटी. मग कसली टीम नि कसलं काय. बाकीच्या मुलींच्या वेळी वळा, मी काही बोलणार नाही. पण माझी पेनल्टी आली तर बघा. मारायच्या आधी मी वर बघेन. मला तुमचा चेहरा दिसला पाहिजे, पप्पा."

"आनि नाय गेला गोल तर?"

"नाही गेला तर नाही गेला. माझ्या पायाने जाणार ना? तुमच्या पाठीचा त्यात काय संबंध?"

"बरोबर बोलतेय पोर," विनया म्हणाली. "त्या पाठीला हळदकुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलंय तुम्ही."

"बघीन," हरेश म्हणाला. "गळ्याशपथ बघीन." आणि मनापासून म्हणाला, त्यात खोट काढू नका.

फायनलला पायऱ्या भरल्या. मुंबईच्या कॉलेजच्या पोरी चांगल्या उंचनिंच होत्या, पण आपल्या पोरींनी त्यांना जागा म्हणून दिली नाही. बरोबरी सुटेना, आणि शेवटी जे होऊ नये असं हरेश सकाळपासून देवाला सांगत होता तेच झालं. सामना पेनल्टीवर गेला. उन्नती शेवटची मारणार होती.

पहिल्या दोघींच्या वेळी हरेश रीतसर वळला. दोन्ही गोल. पण लेकीकडे बघायचं वचन दिलेलं, आणि बघितलं की काय होतं ते साऱ्या वसईला माहीत. तेव्हा त्याने मनाशी एक युक्ती काढली, आणि तिथेच गडी फसला. म्हणाला, उन्नतीच्या आधी एकदा दुसरीच्या पेनल्टीला बघून घेऊ. गोल झाला म्हणजे पाठीचं भूत उतरलं, मग लेकीकडे निर्धास्त बघता येईल.

तिसरी आर्या होती, बारकीशी, पण पायात जोर असलेली. हरेश वळला नाही. आर्या धावत आली आणि बॉल दांड्यावरून भिंतीपलीकडे घातला.

पायऱ्यांवरचं एकेक तोंड वरच्या पायरीकडे वळायला लागलं. आगाशीच्या टोकाकडून एक शिवी आली.

"बघितलंस तू?" सॅन्टनने विचारलं.

"बघितलं."

सॅन्टनने कपाळाला हात लावला. खाली आर्या गुडघ्यांवर बसून हमसून हमसून रडत होती, आणि हरेशला वाटलं की जाऊन तिचे पाय धरावेत. तिला काय सांगणार होता तो? पोरी, तुझा पाय नाय चुकला, माझे डोळे चुकले? तिला ते कळलंही नसतं.

आपली गोलकीपर हेमांगी मात्र त्या दिवशी अंगात आल्यासारखी खेळली. समोरच्यांच्या दोन पेनल्ट्या तिने अडवल्या. आपल्या चौथीने, हरेशची पाठ जागेवर असताना, गोल केला. दोन्ही बाजू सारख्या झाल्या आणि आपली एक पेनल्टी उरली. उन्नतीने मारला की कप आपला. नाहीतर पुन्हा एकेक पेनल्टी, आणि आपल्या पोरींना आता धड उभंही राहवत नव्हतं.

"हरेश, वळ," सॅन्टन म्हणाला.

"लेकीला शब्द दिलाय."

"दिलास ते बरोबर. पण ऐक माझं. ती चुकली तर आयुष्यभर मनात ठेवील. तू वळलास तर नुसती रुसेल. रुसवा काढता येतो रे."

खाली उन्नती मधल्या रेषेवरून एकटी चालत येत होती. एवढ्या मोठ्या मैदानात ती त्याला फार लहान वाटली. तिने बॉल ठेवला, परत उचलला, पुसला, पुन्हा ठेवला. आता ती वर बघणार होती. हरेशने जागेवर उभं राहायचा जिवापाड प्रयत्न केला. पण आयुष्यभर बाहेर उभं राहून काहीही करता न आलेल्या माणसाला लेकीसाठी हे एवढं एकच करता येण्यासारखं होतं, आणि ते न करता ती चुकली असती तर तो जगला नसता. त्याला कुणी ओढलं नाही, कुणी ढकललं नाही. तो आपला आपण वळला.

समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक बाई वाळलेले कपडे काढता काढता थांबून मॅच बघत होती. हरेश तिच्या तोंडाकडे बघत राहिला. बाईने ओठ दाबले. मग हातातला कपडा तसाच धरून दोन्ही हात वर केले, आणि मागून पायऱ्या गर्जल्या.

हरेशला सावरायलाही वेळ मिळाला नाही. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. "हरेशची पाठ, हरेशची पाठ," असं ओरडत त्याला पायऱ्यांवरून खाली उतरवलं आणि थेट मैदानात नेलं. मघाशी शिवी देणारे आगाशीवाले सगळ्यांच्या पुढे. पोरी कपाभोवती एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. उन्नती त्यांच्यात हसत होती. मग तिने खांद्यावरच्या बापाकडे बघितलं, आणि लोक काय ओरडतायत ते ऐकलं.

"उतरवा रे मला," हरेश म्हणाला. "अरे, तिला उचला. गोल तिनं मारलाय."

कोण ऐकतंय? त्याला तसंच नाचवत अर्ध्या मैदानाचा फेरा घातला.

संध्याकाळपर्यंत मोबाइलवर एक व्हिडिओ गावभर फिरला. कुणीतरी खालच्या पायरीवरून काढलेला. त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत हरेशची पाठ, मग गर्जना, मग हरेश खांद्यावर. गोल त्यात नाहीच. सगळ्यांचे कॅमेरे त्या वेळी पाठीवर होते.

उन्नती जेवणाआधी ओट्यावर येऊन बसली. विनया आत होती.

"व्हिडिओ बघितला," ती म्हणाली. "खाली लिहिलंय, पाठीने कप जिंकला."

"लोकांना काय, गंमत हवी."

"आणि तुम्हाला? तुम्हाला पण तसंच वाटतं ना?"

नाही म्हणायचं होतं हरेशला. जिभेवर आलंही. पण पोटात कुठेतरी त्याला तसंच वाटत होतं, अजूनही वाटत होतं, आणि लेकीच्या तोंडावर खोटं बोलायला त्याची जीभ रेटेना. तो चाफ्याकडे बघत बसला.

"बरं, मग एक सांगा. कुठल्या बाजूला मारला मी?"

त्या धिंगाण्यात सॅन्टन सांगायचाच विसरला होता, आणि विचारायचं हरेशला सुचलं नव्हतं.

"डावीकडे," तो म्हणाला.

उन्नतीने मान हलवली. रागावली असती तरी त्याला बरं वाटलं असतं.

"मधून मारला, पप्पा. सरळ मधून. कीपर बाजूला पडली आणि समोर सगळा गोल मोकळा होता."

एवढं सांगून ती आत जेवायला गेली. पुढच्या वेळी नक्की बघीन, असं तिला हाक मारून सांगावं म्हणून हरेशने तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. पुढची वेळ नव्हती.