तेलाचा काटा

माझी टॅक्सी होती. खोपोलीच्या शिळफाट्याला लावायचो. तिसऱ्या हातची गाडी. रंग मीच मारला होता, त्यामुळे लांबून बरी दिसायची. आत इंजिन थकलेलं. मिस्त्रीने बोनेटमध्ये डोकं घालून सांगितलं होतं, "बेअरिंगं झिजलीत. तेल थंड आहे तोवर ठीक. तापून पातळ झालं की फटीतून निघून जातं, प्रेशर राहत नाही. एक दिवस इंजिन धरून बसेल, फिरणारच नाही."

समोर स्टिअरिंगच्या बाजूला तेलाच्या प्रेशरचं छोटं घड्याळ होतं. गाडी थंड असली की त्यातला काटा मधोमध उभा राहायचा, तापली की झोपायचा. मग माझी रीत ठरून गेली होती. कर्जतची सवारी असली तर पळसदरीला झाडाखाली थांबायचं, बोनेट उघडायचं, विडी ओढायची. इंजिनवर हात ठेवता आला की पुढे निघायचं. सवाऱ्या शिव्या द्यायच्या. देऊ देत.

एकाहत्तर-बहात्तर साल असेल. कापणीचे दिवस. आमचं गाव खालापूरच्या अंगाला. मी जेवायला घरी आलो होतो, हात धुतोय तोच माझ्या बायकोला तिची जाऊ खांद्याला धरून घेऊन आली. बांधावर नाग चावला होता. घोट्याच्या वर. लुगड्याचा पदर फाडून पाय आवळून बांधला होता. अंगणात माणसं जमली. विष उतरवायला भगताला बोलवा, असं जो तो म्हणू लागला.

बायको म्हणाली, "भगत यील तवर मी ऱ्हाईन का? गाडी काढा."

सापाची सुई कर्जतच्या दवाखान्यात मिळायची. तिला पुढच्या सीटवर बसवली आणि निघालो. गावातल्या एका म्हाताऱ्याने मागून ओरडून सांगितलं, तिला झोपू देऊ नको. झोपली की गेली.

आता चालवता चालवता बाईला जागं कसं ठेवायचं? मी काही बोलणारा माणूस नाही. लग्नाला दहा-बारा वर्षं झाली होती, तरी आमचं बोलणं मीठ आणा, दार लावा, एवढंच. म्हणून म्हणालो, "ते घड्याळ दिसतंय? त्यातला काटा कुठं हाय ते सांगत ऱ्हा. माझं ध्यान रस्त्यावर हाय."

"उभा हाय."

"नीट बघ. पडायला लागला की बोल."

"अवं, तुमच्या गाडीचं तुमी बघा की. मला साप चावलाय."

"बघ म्हणतो ना!"

खोपोली सोडली. ऊन कडक. गाडी तापू लागली. थोड्या थोड्या वेळाने मी विचारायचो, ती सांगायची. वाकला. अजून वाकला. पळसदरीचं माझं झाड आलं आणि गेलं, थांबलो नाही. पुढच्या चढाला ती म्हणाली, "निजला बघा." आणि खालून इंजिनचा आवाज बदलला. ठक ठक ठक. रिकाम्या घमेल्यावर कुणी हातोडी मारावी तसा. असंच रेटलं तर गाडी मधेच बसणार, आणि त्या रस्त्याला दुसरी गाडी मिळायला तास तास लागायचा.

समोरून भाताचे भारे भरलेली बैलगाडी येत होती. तिच्या आसाखाली एरंडेलाचा बांबूचा नळा टांगलेला. चाक कुरकुरू नये म्हणून गाडीवान ते वंगण जवळ ठेवतात. दाट, मधासारखं. माझ्या डोक्यात आलं, आपलं तेल पातळ झालंय, ह्याचं दाट आहे. उडी मारून खाली उतरलो. गाडी चालूच ठेवली, कारण तापल्यावर बंद केली की सुरू व्हायला फार छळायची.

"मामा, नळा द्या!"

"येडा का खुळा रं तू? एरंडेल बैलगाडीला घालत्यात, मोटारीला नाय."

"बायकोला नाग चावलाय. ती बघा आत."

त्याने आत बघितलं. मग स्वतःच नळा सोडला. मी सगळा इंजिनमध्ये उपडा केला. तेल आणि एरंडेल एकमेकांत मिसळतात का, हे मला माहीत नव्हतं. विचारत बसायला वेळही नव्हता. आत बसलो, गिअर टाकला.

"काटा?"

"उठला. बोटभर उठला."

ठकठक थोडी कमी झाली.

कर्जतच्या अलीकडे रेल्वेचं फाटक बंद. गाडी उभी राहिली की इंजिन हळू फिरतं आणि प्रेशर आणखी पडतं. बंद करावी तर सुरू होईल याचा भरवसा नाही. मी ॲक्सिलरेटरवर पाय दाबून बसलो. गाडी नुसती थरथरत होती. रूळ दोन्ही बाजूंनी मोकळे. आगगाडीचा पत्ता नाही.

"काटा कुठं हाय गं?"

ती बोलली नाही.

"अगं, काटा?"

"कंचा सांगू?" ती म्हणाली. जीभ जड झाली होती. "दोन काटे हायती."

मला वाटलं काच फुटली. मान वळवून घड्याळ बघितलं. काच धड, काटा एकच, तोही आडवा. मग तिच्याकडे बघितलं. दोन्ही पापण्या खाली आल्या होत्या. एक पापणी ती बोटाने वर धरून बसली होती, काटा दिसावा म्हणून. मी सांगितलं होतं म्हणून.

तिथे मी गाडीचा नाद सोडला. जळू दे म्हटलं. आगगाडी गेली, फाटक अर्धं वर होतंय न होतंय तोच गाडी घुसवली. फाटकवाल्याने आई काढली. काट्याकडे मी बघितलं नाही. इंजिन ओरडत होतं, मी त्याच्याहून मोठ्याने ओरडत होतो, "झोपू नको! कंचा बी सांग! दोन्ही सांग!" ती पुटपुटत होती, "निजला... दोन्ही निजले..."

दवाखान्याच्या दारात दोघातिघांनी तिला उचलली. सुया दिल्या. रात्रभर नुसती पडून होती, छाती वरखाली होते का बघत मी बाकावर बसलो. सकाळी डोळे उघडले. तोंडातून पहिला शब्द काय, तर "काटा उठला का?"

मी बाहेर जाऊन गाडीला हँडल घातलं. हललं नाही. इंजिन धरून बसलं होतं.

"गाडी मेली," मी येऊन सांगितलं.

"मग मला घरी कशावर न्यानार?"

तिसऱ्या दिवशी तो बैलगाडीवाला विचारत विचारत दवाखान्यात आला. "बाई हाय का?" आधी ते विचारलं, मग म्हणाला, "माझा नळा कुठं टाकलास रं?" नळा गाडीतच होता. घरी गेलो ते त्याच्याच बैलगाडीतून. चाकं सगळ्या वाटेने कुरकुरत होती आणि ही पेंढ्यावर पडून हसत होती.

इंजिन पुढे खोललं, मग दुसऱ्या गाड्याही झाल्या. पुढे बसली की तिचे डोळे त्या घड्याळावर. खंडेनवमीला गाडीला हळदकुंकू लावायची आणि बोनेटवर एरंडेलाचं एक बोट टेकवायची. बाकीचे हसायचे.

मागच्या माघात गेली. झोपेतच. मी त्याच खोलीत हातभर अंतरावर घोरत होतो. माणसं येऊन सांगतात, झोपेत गेली, चांगलं मरण आलं. मी मान हलवतो. त्यांना काय सांगू. मी जागा असतो तर तिला झोपू दिलं नसतं.