तात्यांच्या दातांसाठी थांबलेली यष्टी

रावजी धनावड्यांना वाडीत सगळे तात्या म्हणत. स्वतःची फजिती झाली की ती सगळ्यांत आधी सांगायला तात्याच घरोघर जायचे. एकदा आंब्यावर चढल्यावर खाली शिडी घसरली, तेव्हा वर फांदीवर बसून त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारल्या, सुटका करा म्हणून नव्हे, तर "बघा, कसा अडकलोय!" हे दाखवायला. घराच्या पायरीला ओलं सिमेंट फासून ते आतच राहिले आणि मागच्या खिडकीतून बाहेर पडताना अर्ध्यात अडकले, हे तर त्यांनी मुलाच्या सोयरिकीच्या बैठकीत पाहुण्यांना रंगवून सांगितलं. बायको चिमा तोंडाला पदर लावून आत पळाली. पण पाहुणे पोट धरून हसले आणि सोयरीक जमली.

तोच मुलगा, दीपक, लोट्याला कंपनीत कामाला. बाबा भाकरी आमटीत बुडवून गिळतात, हे त्याला बघवेना. बरेच दिवस मागे लागून त्याने गुहागरला तात्यांच्या कवळीचं माप द्यायला लावलं.

कवळी तयार झाली, ती बसवून तात्या दुपारच्या यष्टीने एकटेच घरी निघाले. खिडकीजवळची जागा मिळाली. नवे दात दिसावेत म्हणून समोर येईल त्याच्याकडे बघून ते हसत होते. ओळख नसलेली माणसंही गोंधळून परत हसत होती.

चढणीच्या वळणावर चिऱ्यांचा ट्रक पुढे निघाला आणि लाल धुरळा खिडकीतून आत आला. तात्यांना शिंक आली. ती अशी जोरदार होती, की वरची कवळी खिडकीतून थेट बाहेर.

"हात! माझे हात पले!" तात्या ओरडले.

कंडक्टर मालन धावत आली. तिने तात्यांचे दोन्ही हात उचलून बघितले. "आजोबा, आहेत की दोन्ही जागेवर!"

तात्यांनी तोंडाचा बोगदा उघडून दाखवला. मालनला समजलं, तिने टण्कन घंटी मारली आणि गाडी थांबली.

मागच्या बाकावरचा निलेश वैतागला. त्याला पुढच्या फाट्यावर लोट्याला जाणारी कंपनीची बस पकडायची होती. "अहो, दातांसाठी कुणी यष्टी थांबवतं का?"

"तुमचे उडाले असते तर थांबवलीच असती," मालन म्हणाली आणि खाली उतरली. तिच्यामागून ड्रायव्हर उतरला. मग एकेक करत सगळी गाडी उतरली आणि भर उन्हात गवत चाळू लागली. निलेश थोडा वेळ एकटाच बसून राहिला. मग तोही उतरला आणि त्याने कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरला फोन लावला.

"जरा थांबाल का? आमच्या गाडीतून एका आजोबांचे दात उडालेत, ते शोधतोय."

 पलीकडून आवाज आला, "एवढं खोटं कुणाला सुचायचं नाय. थांबतो."

इतक्यात करवंदीच्या जाळीतून एक गावठी कुत्रा बाहेर आला. तोंडात कवळी, तीही नेमकी दर्शनी बाजूने. कुत्रा सगळ्यांकडे बघून मनापासून हसतोय असंच वाटत होतं.

तात्यांनी त्याला पाहिलं मात्र, ते रस्त्याच्या कडेला मटकन बसले आणि हसू लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ठसका लागला, तरी थांबेनात. ते बघून ड्रायव्हर हसला, मालन हसली, निलेश तर गुडघे धरून वाकला. शेवटी सुकी मासळी घेऊन निघालेल्या एका आजीने टोपलीतला बोंबील कुत्र्यापुढे टाकला, तेव्हा कुठे त्याने दात सोडले.

निलेशने आपल्या बाटलीतलं पाणी ओतून कवळी धुतली. तात्या ती लगेच तोंडात घालणार, तोच मालन ओरडली, "आजोबा, घरी जाऊन साबणानं धुवा आधी!"

कवळीचा पुढचा एक दात मात्र तुटून गेला होता.

घरी चिमाने ते बघून कपाळाला हात लावला. "अवो, दात बसवायला गेलाव का पाडायला?"

तात्यांनी सगळं सांगितलं, कुत्र्याची नक्कल करूनसुद्धा. चिमाही हसून बेजार झाली. मग तात्या एकदम हळू आवाजात म्हणाले, "अख्खी यष्टी उतरली गो. माझं नाव पण कुणाला म्हायती नाय. एक माणूस आत बसून ऱ्हायला नाय. आपलीच माणसं असल्यागत शोधत होती."

दुसऱ्या दिवशी ते ओल्या काजूगरांच्या पुड्या घेऊन थांब्यावर उभे. यष्टी आली तसे पुड्या देण्यापुरते वर चढले. एक पुडी ड्रायव्हरला, एक मालनला, आणि निलेशची आणि त्या आजीची मालनकडेच ठेवली, भेटतील तेव्हा द्यायला.

"आजोबा, दात दाखवा बघू," मालन म्हणाली.

तात्या हसले. पुढची फट बघून एका बाईंनी विचारलं, "काय झालं हो?"

झालं! तात्यांनी दांडा धरला आणि शिंकेपासून सुरुवात केली. कुत्रा जाळीतून बाहेर येईपर्यंत गाडी सुटून त्यांचा थांबा केव्हाच मागे पडला होता. मालनने हसत पुढच्या थांब्याचं तिकीट फाडून त्यांच्या हातात ठेवलं. तिथे उतरून तात्या टळटळीत उन्हात माघारी घराकडे चालू लागले, आणि वाटेत भेटेल त्याला सांगत सुटले, की आज यष्टीने त्यांना कसं पळवून नेलं.