कोरिआ नावाचा नाच

साधनाताई करंदीकर पुण्याच्या शाळेतून निवृत्त झाल्या आणि यजमान गेल्यावर मुलाकडे, निहारकडे, सिंगापूरला राहायला आल्या. सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये त्यांचं बरं चाललं होतं. मधुमेहाच्या गोळ्या मात्र त्यांनी हळूहळू बंदच केल्या. "मला काही होत नाही," म्हणायच्या.

एका सकाळी खाण्याच्या स्टॉलांच्या हॉकर सेंटरमध्ये चहा घेताना त्यांचा डावा हात एकाएकी उसळला. कप उडाला. बोटं वळायला लागली, खांदा झटके देऊ लागला, मग पायही. लोक बघायला लागले. साधनाताईंनी हात पदराखाली दाबला, तर तो तिथेही थांबेना. शरमेनं त्यांना रडू फुटलं. त्यांच्याच इमारतीत राहणाऱ्या मिसेस को शेजारच्या टेबलावरून उठून आल्या. त्यांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला आणि निहारला फोन करवला.

इस्पितळात तपासण्या झाल्यावर तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा कोरिआ आहे."

"कोरिया? मी तर तिकडे कधी गेलेही नाही!"

डॉक्टर हसल्या. "देश नाही, आजी. लॅटिनमध्ये कोरिआ म्हणजे नाच. एक असला तर कोरिआ, अनेक असले तर कोरीए. अवयव असे आपोआप नाचतात म्हणून आजाराला तेच नाव पडलं. तुमची साखर फार वाढली, त्याचा मेंदूवर परिणाम झालाय. साखर उतरली की बहुतेक थांबेल."

साधनाताईंना वाटलं होतं, आपल्याला वेड लागतंय. आजाराला नाव आहे, तेही शतकानुशतकांचं, हे ऐकून त्यांना धीर आला.

नात ऋचा फोनवर शोधत बसली होती. "आजी, लॅटिनमध्ये तो शब्द ग्रीकमधून आला, आणि कोरिओग्राफीपण त्याच ग्रीक शब्दावरून आलीय! सेम फॅमिली, लाह!" ती सिंगापुरी ढंगात म्हणाली.

इन्सुलिन सुरू झालं. काही आठवड्यांत हात शांत झाला. पहिल्यांदा भरलेली वाटी न सांडता उचलली, तेव्हा साधनाताई देवाला नमस्कार करायच्या आधी डॉक्टरांचं नाव पुटपुटल्या.

मग त्या चिवड्याचा डबा घेऊन मिसेस को यांच्याकडे गेल्या. त्यांनी डबा घेतला आणि साधनाताईंना थेट इमारतीखालच्या मोकळ्या जागेत नेलं. तिथे बायका रांगेनं नाचत होत्या. साधनाताई आयुष्यात कधी नाचल्या नव्हत्या. सगळ्या डावीकडे वळल्या, त्या उजवीकडे. मिसेस को यांनी बाही धरून त्यांना वळवलं.

"असू द्या!" साधनाताई मराठीतच म्हणाल्या आणि पुढचं पाऊल टाकलं.