डब्याच्या बुडावरची लिपी

लेखनाचा शोध कुणी लावला असं मला विचारलं असतं, तर मी एका दमात सांगितलं असतं: ऋषिमुनींनी, दुसरं कोण! माझा स्वभावच तसा. उत्तर ठाऊक नसलं तरी आवाज खाली येत नाही. त्यामुळे सातवीतली माझी लेक शाळेच्या प्रोजेक्टसाठी मेसोपोटेमियाच्या मातीच्या पाट्या करायला बसली, तेव्हा मी तिला मातीऐवजी मळलेली कणीक दिली आणि वर हे ज्ञानही दिलं.

"नो मम्मी," आईस्क्रीमच्या काडीने कणकेत पाचरीसारख्या खुणा उमटवत ती म्हणाली, "इट वॉजन्ट प्रेयर्स. इट वॉज लिस्ट्स. हूज जार इज दिस, व्हॉट्स इनसाइड."

हा रांजण कुणाचा आणि आत काय, एवढ्यासाठी माणसाने अक्षरं काढली? मला ते फारच किरकोळ वाटलं. तिने सिंधू संस्कृतीच्या शिक्क्यांचे फोटोही दाखवले. त्यांवरची चिन्हं अजून कुणालाच वाचता आलेली नाहीत म्हणे. मी म्हटलं, "कुणी नीट बघितलंच नसेल."

दुबईत अल कुसैसमध्ये माझं डब्यांचं किचन आहे. मदतीला सोलापूरकडच्या एक मावशी आहेत. बोलणं कमी, पण हाताला चव. लिहिता-वाचता येत नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी "काही अडत नाही" म्हटलं आणि विसरून गेले.

दोन वर्षांपूर्वी अजमानला एकटी राहणारी एक इंजिनिअर मुलगी डबा ठरवायला स्वतः किचनमध्ये आली. "काकू, मला शेंगदाणे अजिबात चालत नाहीत. एकदा घसा सुजून श्वास बंद पडला होता, आयसीयूत होते." आता आली का पंचाईत! आमच्याकडे भेंडीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, वांग्यात तर मूठभर कूट. एक वेळ मीठ विसरेल, कूट विसरणार नाही. तरी मी तिला छातीठोकपणे सांगितलं, "तू निर्धास्त राहा." मावशी तिला दारापर्यंत सोडायला गेल्या, हातात एक रिकामा डबा घेऊन. डबा कशाला, हे मी विचारलं नाही.

यंदा मला किचन प्रोफेशनल करायची हुक्की आली. लेबलं छापायचं मशीन आणलं. प्रत्येक डब्याला नाव, इमारत, सूचना. मुलीच्या डब्यावर लाल अक्षरांत 'नो पीनट्स'. लेबलं मी इंग्रजीत छापली, आणि डबे भरणार होत्या मावशी! हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मावशी फक्त म्हणाल्या, "झ्याक दिसतंय, ताई."

त्या सोमवारी भेंडी होती. मावशींनी डबे भरले, कुठला कुणाचा ते सांगत माझ्याकडून लेबलं लावून घेतली आणि त्या मागे पातेली घासायला गेल्या. गरम डब्यांनी नव्या लेबलांचा डिंक सुटला आणि सात-आठ लेबलं ओट्यावर गळून पडली. ड्रायव्हर दारात "यल्ला भाभी, यल्ला" अशी घाई करत उभा. मी आठवून आठवून लेबलं परत चिकटवली. स्वतःच्या आठवणीबद्दलही मला कधी शंका नसते.

अजमानची गाडी गेली. तासाभराने मावशी शारजाच्या फेरीचे डबे उचलू लागल्या आणि एक डबा उलटा करून तशाच थांबल्या. बुडावर खिळ्याने काढलेला एक गोल होता आणि त्याला छेदून गेलेली आडवी रेघ.

"ताई, ह्यो त्या अजमानच्या पोरीचा डबा हाय. बिनकुटाचा. मग तिकडं काय गेलं?"

मी बाकीचे डबे उलटे केले. प्रत्येकाच्या बुडावर वेगळी खूण. त्या खुणा मी दोन वर्षं घासताना पडलेले चरे समजून बघत होते.

तिला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, मेसेज केला, पुन्हा लावला. ड्रायव्हर म्हणाला, "डब्बा तो दे दिया भाभी, खलास." जेवायची वेळ टळत चालली होती. या मुलीला मी मारलं, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. मावशी डोळे मिटून पुटपुटत होत्या.

सहाव्यांदा तिने उचलला. "सॉरी काकू, मीटिंगमध्ये होते. आज डबा चुकलाय का?"

"तू खाल्लंस?"

"नाही ना. लेबल माझंच आहे, पण खाली मावशींची खूण नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी मला डबा दाखवून बजावलंय, बूड बघितल्याशिवाय घास घ्यायचा नाही."

मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले. मोठ्याने, लाज न बाळगता. मावशींनी पाणी आणून दिलं.

"माझं माहेर परटाचं," त्या म्हणाल्या. "बा बिब्ब्यानं कापडावर खूण घालायचा. दर घराची न्यारी. कुणाचं कापड कुणाकडं गेलं न्हाई कधी."

"मग लेबलं आणली तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुमी इतक्या हौसेनं आणल्याली."

त्या किचनमध्ये अडाणी कोण होतं हे मला कुणी सांगायची गरज उरली नाही. मी बिनकुटाचा डबा घेतला आणि स्वतः गाडी काढून अजमानला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कणकेचा एक गोळा ओट्यावर थापला, लेकीची आईस्क्रीमची काडी घेतली आणि मावशींना म्हटलं, "शिकवा." पहिली खूण त्या मुलीचीच काढली. गोल, त्यावर रेघ. मनासारखी जमली म्हणून खूश होऊन वर बघितलं.

मावशींनी ती अंगठ्याने पुसून टाकली. "रेघ गोलाच्या भायेर गेली पायजे, ताई. आतच ऱ्हायली तर ती शुगरवाल्या आजोबांची. त्यांच्या भाजीत कूट असतंय."

मी काडी घट्ट धरली आणि परत काढली.