तवा एकच

बाबा साताऱ्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. अभिक्रियेचा वेग तिची सर्वांत मंद पायरी ठरवते, हा धडा आला की ते फळ्यावर आधी तवा काढायचे. "पुरणपोळ्या लाटायला पाच जणी बसवा, पण तवा एकच असेल तर पंगत तव्याच्याच गतीने उठणार. लाटणाऱ्या वाढवून नुसता ढीग होतो." मी त्यांच्याच वर्गात, पहिल्या बाकावर असायची. त्याच विषयाच्या नादाने पुढे जर्मनीत कायझर्सलाउटर्नला आले. इथे मी पीएच.डी. करते, म्हणजे अभिक्रिया नेमकी कुठे अडते ते दिवसभर शोधते.

मी इथे रुळत होते तेव्हाच डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाबांना सांगितलं, की पडदा झपाट्याने खराब होतोय, जे पाहायचं ते लवकर पाहून घ्या. बाबांनी फोनवर मला हे हसतच सांगितलं. "ताजमहाल बघून झालाय. तुझी लॅब तेवढी राहिलीये."

घरात लगीनघाई सुरू झाली. आईने दोघांचे पासपोर्ट काढले, दादाने विमा केला, फोटो झाले, व्हिसाची फाईल तयार झाली. मी इथून रोज फोन करून सगळ्यांना पळवत होते. एका फोटोची पार्श्वभूमी पुरेशी पांढरी नाही म्हणून मी बाबांना पुन्हा स्टुडिओत पाठवलं होतं, तेही भर उन्हात. आता आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

कारण त्या फाईलमध्ये एकच कागद कमी होता आणि तो माझ्याकडून जायचा होता. पाहुण्यांची सगळी जबाबदारी माझी, असं इथल्या आउसलेंडरबेहोर्डे नावाच्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत जाऊन लिहून द्यायचं असतं. त्यासाठी फॉर्म भरून मेल करायचा आणि टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ घ्यायची. फॉर्म दोन पानांचा. तो माझ्या टेबलाच्या खणात पडून होता.

वेळ नव्हता असं नाही. माझे प्रयोग फसत होते. एकदा आलेला आकडा पुन्हा येत नव्हता, आणि प्रोफेसरबाई माझे आलेख बघून नुसता सुस्कारा सोडायच्या. बाबा आले की समोर खुर्ची ओढून बसणार आणि विचारणार, "दाखव, काय केलंस?" मला ते नको होतं. एक धड आलेख हाताशी येऊ दे, मग बोलावते, असं मी स्वतःला समजावत राहिले.

दर रविवारी बाबा विचारायचे, "काय म्हणतंय तुमचं ऑफिस?"

"टेर्मिनच मिळत नाहीये, बाबा. इथलं आम्ट म्हणजे विचारू नका."

आम्ट म्हणजे सरकारी कचेरी, आणि जर्मन कचेऱ्यांच्या नावावर आपल्या लोकांत काहीही खपतं. कुणी उलट प्रश्न विचारत नाही. उलट बाबाच माझी समजूत काढायचे, "असू दे गं, त्यांनाही कामं असतात." आठ महिने मी त्या कचेरीला शिव्या घातल्या. तिच्याकडे माझा अर्जच नव्हता.

मग एका रविवारी आई म्हणाली, "काल ह्यांनी चहात मीठ घातलं. डबेच ओळखू येईनात. तुला सांगू नको म्हणालेत."

मी तिथल्या तिथे, उभ्याउभ्या फॉर्म भरला. अकराव्या दिवशी वेळ मिळाली. काउंटरवरच्या बाईने दहा मिनिटांत शिक्का मारून कागद माझ्यापुढे सरकवला. मी बाहेर जिन्यात बसून रडले. काम झालं म्हणून रडतेय असं वाटून एका म्हाताऱ्या माणसाने माझं अभिनंदन केलं.

आई-बाबा आले तेव्हा विमानतळावर बाबांनी मला आवाजावरून ओळखलं. त्यांना उजेड कळत होता, जवळची हालचाल कळत होती, बाकी काही नाही. प्रोफेसरबाईंची परवानगी काढून एका शनिवारी मी त्यांना लॅबमध्ये नेलं. त्यांनी टेबलावरून, बीकरवरून हात फिरवला आणि म्हणाले, "आपला घड्याळाचा प्रयोग कर."

हा प्रयोग ते दरवर्षी वर्गात करून दाखवायचे. दोन पाण्यासारखी द्रावणं एकत्र ओतायची. एक मंद अभिक्रिया थोडंथोडं आयोडीन तयार करते, दुसरी जलद अभिक्रिया ते लगेच खाऊन टाकते, म्हणून बराच वेळ काहीच दिसत नाही. खाणारं रसायन संपलं, की सगळं क्षणात गडद निळं होतं.

"मी मोजतो," बाबा म्हणाले. "निळं झालं की सांग."

मी ओतलं. ते वर्गातल्यासारखे ताठ बसून, चेहरा बीकरकडे करून मोजू लागले. तिसाच्या पुढे त्यांचा आवाज हळूहळू चढत गेला. सत्तेचाळीसला द्रावण निळं झालं. बाबा त्याच्याकडेच बघत होते, आणि मोजत होते. अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास. मी बीकर सोडून त्यांच्याकडेच बघत राहिले.

"झालं, बाबा," मी म्हणाले तेव्हा ते बासष्टवर पोचले होते.

"फारच मंद आहे गं," ते म्हणाले. "कुठली पायरी अडतेय, बघ जरा."

"बघते," मी म्हणाले. फॉर्म खणात पडून होता, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. सत्तेचाळीसचंही सांगितलं नाही.