रॉकेल भरणाऱ्याची किल्ली

ती घटना आठवली की आजही समाधान वाटतं. सत्तरच्या दशकात मी वाशीम भागातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. एका सकाळी आसेगावकडची एक बाई रिकामी कुपी घेऊन आली. तिच्या नवऱ्याला शेतात साप चावला होता. सरकारी दवाखान्यात इंजेक्शन संपलंय म्हणून सांगितलं. बाजारातल्या खासगी डॉक्टरानं मात्र तेच टोचलं आणि नवरा वाचला.

"साहेब, याच्यावर सरकारी शिक्का हाय," ती म्हणाली. "दवाखान्यात नाही, मंग त्या डॉक्टरापाशी कुठून आलं?"

दवाखान्यात जाऊन पंचनामा केला. औषधांच्या खोलीचं आणि कपाटांचं कुलूप शाबूत होतं. म्हणजे चोराकडे किल्ली होती. एक जुडगा डॉक्टरांकडे, दुसरा शिपायाकडे. लसींचा फ्रिज रॉकेलवर चालायचा आणि त्याच खोलीत होता. रोज सकाळी त्यात रॉकेल भरायचं, वात कापायची, एवढंच शिपायाचं काम. पण त्यासाठी अख्खा जुडगा त्याच्या हाती दिलेला. साहजिकच सगळ्यांनी त्याच्याकडे बोट दाखवलं.

पन्नाशीचा तो माणूस हात जोडून उभा राहिला. मी त्याला बाकावर बसवून चहा पाजला. धाकानं माणूस आपल्याला हवं ते बोलतो, खरं काय ते राहूनच जातं.

"बाबा, रोज करता ते माझ्यासमोर करा."

त्यानं खोली उघडली, जुडगा कुलपालाच लटकत ठेवला आणि डबा घेऊन मागच्या शेडकडे निघाला.

"खोली अशीच उघडी?"

"नाही साहेब. मी येईस्तोवर कंपाउंडरसाहेब ध्यान ठेवतात. भला मानूस हाय."

शेजारी उभ्या कंपाउंडरचा चेहरा पडला. खासगी डॉक्टरानं चौकशीत त्याचंच नाव घेतलं. घरझडतीत बाकीच्या कुप्या सापडल्या.

दवाखान्याच्या डॉक्टरांनी मग फ्रिज बाजूच्या खोलीत हलवला. रॉकेलची टाकी फ्रिजच्या खालून बाहेर ओढता यायची, म्हणून फ्रिजच्या दाराची किल्लीही शिपायाला लागत नव्हती. त्याच्याकडे फक्त त्या खोलीची किल्ली राहिली. शिपायाला दुसरी किल्ली द्यायची नाही, हा नियम त्यांनी वरिष्ठांकडून मंजूर करून घेतला; वरून लेखी हुकूम आल्याशिवाय तो खुद्द डॉक्टरांनाही मोडता येणार नव्हता.

मला वाटलं, शिपायाला हा अपमान वाटेल. तसं विचारलंही.

"कायचा अपमान साहेब?" तो हसला. "औषधाले आता माहा हातच पोचत नाही. काही गेलं तं मले कोन धरन?"

तोवर बंधनाकडे मी संशयाची खूण म्हणून पाहत होतो. प्रामाणिक माणसाला ते किती निर्धास्त करतं, हे त्या दिवशी कळलं. पुढे प्रत्येक ठाण्यात मुद्देमालाच्या किल्ल्या मी त्याच हिशेबानं वाटल्या.