कुर्डूच्या भाजीचा मेल

असे गूढ अनुभव मी आवडीने वाचतो, पण खरे कधी मानले नाहीत. आजही मानतो असं म्हणवत नाही... तरी लिहितो आहे.

कोपरगावच्या एका कॉलेजात मी ईमेल सर्व्हर सांभाळतो. वडील – आम्ही त्यांना दादा म्हणायचो – अकोले तालुक्यात, आमच्या गावी राहायचे. शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक छंद लावून घेतला. सकाळी डोंगराकडे फिरून यायचं, दिसलेल्या एखाद्या रानभाजीविषयी लिहायचं आणि आमच्या कॉलेजच्या सगळ्या स्टाफला मेल करायचा. पत्ते मीच दिले होते.

पुढे तक्रारी आल्या. नको असलेल्या मेलिंग लिस्ट बंद करा, असं प्राचार्यांनी सांगितलं. जाहिरातवाल्यांबरोबर मी दादांचाही पत्ता ब्लॉक केला. मेल नाकारला की पाठवणाऱ्याला तसं कळतं. दादांना कळू नये म्हणून त्यांच्यापुरता वेगळा नियम लावला – मेल घ्यायचा आणि कुणालाही न देता गुपचूप टाकून द्यायचा. तेव्हा मला तो समजूतदारपणा वाटला होता.

फोनवर ते विचारायचे, "मिळतो ना रे मेल? वाचतं का कुणी?"

"सगळे वाचतात, दादा."

या पावसाळ्यात दादा गेले. झोपेतच. दहावा-तेरावा आटोपून मी कामावर आलो, तेव्हा ऑफिसातल्या लोंढेबाईंनी डबा आणला. दुखवट्याच्या घरी असा डबा द्यायची आमच्याकडे रीतच आहे. झाकण उघडलं आणि... गावच्या घराचा वास आला. कुर्डूची भाजी, वर भाजलेल्या खुरासणीचा, म्हणजे कारळ्यांचा, कूट. इकडे कुर्डूत खुरासणी कुणी घालत नाही. ती आमच्या डोंगरातली पद्धत.

कुठे शिकलात, असं मी विचारलं.

"आवं सर, दादांनीच लिवलं हुतं की मेलात. खुरासणी शेवटाला घाला, आधी घातली तर करपती. आमी समदे वाचायचो. तुमाला न्हाई का यायचा?"

बाईंची आणि दादांची कधी भेट नव्हती, फोनही नव्हता. बाईंचा इनबॉक्स पाहिला. त्यात दादांचा ब्लॉकनंतरचा एकही मेल नव्हता. काढून टाकला असेल, असं त्या सहज म्हणाल्या. सर्व्हरच्या लॉगमध्ये दादांचा प्रत्येक मेल टाकून दिल्याची नोंद होती. एकही सुटलेला नव्हता.

गावी जाऊन दादांचा लॅपटॉप उघडला. पाठवलेल्या मेलमध्ये कुर्डूचा सापडला – ब्लॉक लावल्यानंतर बऱ्याच काळाने लिहिलेला. खुरासणीचं वाक्य तसंच होतं.

नंतर इतरांना विचारलं. ग्रंथपालांना करटुल्याचा मेल आठवत होता, एका प्राध्यापकांना भारंगीचा – दोन्ही ब्लॉकनंतरचे. दाखवायला कुणाकडेच काही नव्हतं.

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. दादांना मी जे खोटं सांगत होतो, ते खरं होतं – सगळे वाचत होते. मी लावलेला नियम चालला, तो फक्त माझ्यापुरता.